नाओशिमा-तेशिमा : चार दिवस आणि एक वही

जपानच्या नाओशिमा आणि तेशिमा या कलेच्या बेटांचा हा प्रवास कलेच्या विद्यार्थ्याने बुधवारी सुरू करावा. नाओशिमावरची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, शेजारच्या तेशिमावरची मंगळवारी. डिसेंबर ते फेब्रुवारी तर तेशिमाला मंगळवार, बुधवार, गुरुवार असं सलग तीन दिवस कुलूप. सोमवारी सरकारी सुट्टी आली की त्या दिवशी उघडं आणि दुसऱ्या दिवशी बंद, ही आणखी एक मेख. बुध ते शनि धरले की यातलं काही आडवं येत नाही आणि शनिवारची गर्दी शेवटच्या, हलक्या दिवसावर पडते.

दोन्ही बेटं जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात, होन्शू आणि शिकोकू यांच्या मधोमध. नाओशिमावर सुमारे तीन हजार माणसं राहतात, तेशिमावर हजाराच्या आत. १९३४ साली जपानने पहिली राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली त्यात हा समुद्र होता. दोन्हीकडच्या डोंगररांगा पावसाचे ढग अडवतात, त्यामुळे इथे वर्षभरात हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तेवढा जुलैच्या एका महिन्यात होऊन जातो. हवा कोरडी, पाणी शांत, बेटामागे बेट आणि प्रत्येक मागचं बेट पुढच्यापेक्षा थोडं फिकट. निसर्ग पाहायला आलेल्यालाही एवढं पुरेसं आहे.

कला इथे आली ती १९८०च्या दशकाच्या शेवटी. होन्शूवरच्या ओकायामा शहरातल्या बेनेसे या प्रकाशन-शिक्षण कंपनीच्या फुकुताके कुटुंबाने नाओशिमाच्या दक्षिण टोकाची जमीन घेतली, १९८९ मध्ये मुलांसाठी तंबूंचा तळ उघडला आणि आराखड्यासाठी ताडाओ आंदो या वास्तुकाराला बोलावलं. १९९२ मध्ये बेनेसे हाउस हे संग्रहालय-हॉटेल, २००४ मध्ये चिचू संग्रहालय, २०१० मध्ये तेशिमा संग्रहालय आणि त्याच वर्षी पहिलं सेतोउची त्रैवार्षिक, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणारा कला महोत्सव. त्रैवार्षिकाच्या वर्षी (उदाहरणार्थ २०२५) बोटींच्या रांगा दुप्पट होतात. विद्यार्थ्याने मधलं वर्ष निवडावं. कायमच्या कलाकृती तशाही जागेवरच असतात.

महिना नोव्हेंबर. वादळांचा हंगाम संपलेला असतो, आणि मार्च ते जून या समुद्रावर धरणारं दाट धुकंही नसतं. हे धुकं हलक्यात घेण्यासारखं नाही: मे १९५५ मध्ये शिकोकूवरच्या ताकामात्सू बंदराजवळ धुक्यात दोन बोटी आदळून १६८ माणसं गेली, आणि होन्शू-शिकोकू जोडणारा सेतो पूल हवाच ही मागणी तिथून जोर धरत गेली. पूल १९८८ मध्ये झाला. स्वच्छ दिवशी तो नाओशिमाच्या पश्चिमेला दिसतो.

निघण्याआधी तीन कामं. चिचू आणि तेशिमा संग्रहालयाची तिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन घ्यायची. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहिलेले बरेच जण बाहेरच्या बागेत फोटो काढून परततात. दुसरं, बोटींचं त्या महिन्याचं वेळापत्रक कागदावर उतरवायचं, कारण वारांप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे ते बदलतं. तिसरं, वही. जपानी संग्रहालयांत शाईचं पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून टूबी पेन्सिली दोन आणि हातात मावेल अशी वही. प्रत्येक पानावर चार रकाने आखून ठेवावेत: वेळ, आकाश, मी कुठे उभा किंवा बसलेलो, काय बदललं. कॉलेजात ‘वैयक्तिक प्रतिसाद लिहा’ असं सांगितलं की नव्वद टक्के वह्यांत ‘खूप शांत वाटलं’, ‘वेगळ्याच विश्वात गेल्यासारखं वाटलं’ अशी वाक्यं येतात. ती खोटी नसतात, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘आठव्या मिनिटाला समोरची भिंत मागे गेली’ या वाक्यात मात्र कलाकृतीही आहे आणि पाहणाराही. वैयक्तिक असायला मन उघडं करावं लागतंच असं नाही; घड्याळ पाहिलं तरी चालतं.

बुधवार : होनमुराची घरं

ओकायामाहून उनो बंदरापर्यंत जेआर रेल्वेची लोकल. बहुतेक गाड्यांना चायामाची स्टेशनात बदलावं लागतं. बदल धरून साधारण तासाभराचा प्रवास. मोठी बॅग ओकायामा स्टेशनच्या लॉकरमध्येच टाकावी. बेटावरची बस छोटी आहे आणि बॅगेला जागा नसते. उनोहून मियानोउरा बंदरापर्यंत फेरी २० मिनिटं, तिकीट सुमारे ३०० येन. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडणाऱ्याला यात नवीन काही नाही, फक्त बोट मिनिटावर सुटते. एक मिनिट उशिरा पोहोचलेल्याला ती निघालेली दिसते.

मियानोउराला उतरल्याबरोबर यायोई कुसामा या जपानी कलावंतीणीचा शिल्परूपी लाल भोपळा दिसतो. तो संध्याकाळसाठी ठेवावा. आधी बंदरातून गावबस पकडून बेटाच्या पूर्वेकडच्या होनमुरा गावात जायचं. सुटी नाणी लागतात.

होनमुरा हे जुनं गाव. भिंतींना सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या, जाळून काळ्या केलेल्या फळ्या. लाकडाचा वरचा थर जाळून कोळसा केला की खारा वारा, वाळवी आणि पाऊस यांना ते दाद देत नाही. कोकणात वाशाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात त्याच कुळातली युक्ती. १९९८ पासून या गावातली रिकामी पडलेली घरं एकेका कलावंताला दिली गेली. पहिलं घर ‘कादोया’. सुमारे दोनशे वर्षांचं घर, आत अंधार, जमिनीच्या जागी उथळ पाणी आणि पाण्याखाली दिव्यांचे १२५ आकडे १ ते ९ असे मोजत राहतात. तात्सुओ मियाजिमाने प्रत्येक आकड्याचा वेग गावातल्या एकेका माणसाला ठरवायला दिला होता. सर्वात लहान ५ वर्षांचं, सर्वात मोठं ९५. उंबऱ्यापाशी बसून एकच आकडा निवडावा आणि त्याचं ९ पर्यंत जाणं मोजावं. सगळे एकदम पाहिले की फक्त रोषणाई दिसते.

गोओ देवळात हिरोशी सुगिमोतोने काचेच्या पायऱ्या बसवल्या आहेत, त्या जमिनीखालच्या खोलीपर्यंत जातात. खालची खोली पाहायला एक अरुंद काँक्रीटची फट ओलांडावी लागते. पाठीवरची सॅक बाहेर काढून ठेवायची, नाहीतर भिंतीला घासते आणि मागचे खोळंबतात. खरी गंमत परतताना आहे. फटीतून बाहेर येताना समोर उभ्या चिरेत बरोब्बर समुद्र आणि क्षितिज उभं असतं. बरेच जण मोबाइलच्या दिव्याने पायाखाली बघत येतात आणि ते चुकवतात.

पण बुधवारचा मुख्य ऐवज म्हणजे ‘मिनामीदेरा’. इथे पूर्वी देऊळ होतं; आंदोने त्या जागी काळ्या फळ्यांची बंद पेटी उभारली आणि आत प्रकाश हेच माध्यम मानणाऱ्या जेम्स टरेलची कलाकृती आहे. लहान गट करून आत सोडतात, म्हणून होनमुरात पोहोचल्यावर सर्वात आधी इथली वेळ नक्की करायची आणि बाकीची घरं तिच्या आजूबाजूला बसवायची.

आत गेल्यावर एक हात भिंतीवर ठेवून चालायचं. दोन वळणांनंतर प्रकाश संपतो. संपतो म्हणजे डोळ्यासमोर धरलेली स्वतःची बोटं दिसत नाहीत. बाकावर बसवतात आणि थांबायला सांगतात. पहिली दोन-तीन मिनिटं डोळे स्वतःच रंग तयार करतात, जांभळट ढग फिरतात. ती कलाकृती नव्हे. मग समोर कुठेतरी राखाडीपेक्षा किंचित उजळ असा आयत असल्याची शंका येते. शंकाच, कारण त्याच्याकडे थेट पाहिलं की तो विरतो आणि नजर जराशी बाजूला केली की परत येतो. डोळ्याच्या पडद्यावर अंधारात काम करणाऱ्या पेशी मध्यभागी नसतात, कडेला असतात, म्हणून असं होतं. त्या पेशींना पूर्ण जागं व्हायला अर्धा तास तरी लागतो. तुम्हाला मिळतात साधारण पंधरा. शेवटी उठून त्या आयताकडे चालायला सांगतात. तो पहिल्यापासून तिथेच आणि तेवढाच उजळ होता. बदललात ते तुम्ही.

इथे बिघडतं ते असं: कोणीतरी भर उन्हातून धावत येतो, कोणाच्या मनगटावरचं घड्याळ उजळतं, कोणी ‘दिसलं का?’ म्हणून विचारतं. आत जाण्याआधी दहा मिनिटं सावलीत बसावं, गॉगल असेल तर लावावा, मनगटावरचं सगळं खिशात टाकावं. वहीत एवढंच लिहावं: कितव्या मिनिटाला आयत दिसला. चौघे मित्र गेले तर चार वेगळे आकडे येतात, आणि संध्याकाळी त्यावर वाद घालण्यात तास निघतो.

होनमुरातलं शेवटचं घर साडेचारच्या पुरेसं आधी गाठावं, कारण घरं साडेचारला बंद होतात. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. मियानोउराला परतून लाल भोपळा पाहावा. आत शिरता येतं, भोकांमधून बंदर दिसतं. मग शिन्रो ओहताके या कलावंताने घडवलेलं सार्वजनिक स्नानगृह: आधी अंग घासून-धुऊन मग हौदात उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पुरुष आणि स्त्रियांच्या बाजूंमधल्या भिंतीवर एक हत्ती उभा आहे. त्याच्याबद्दल काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

जेवणाचं मात्र आधीच पाहावं. खानावळी लवकर बंद होतात. शाकाहारी माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की कागावाची (ही बेटं याच प्रांतात येतात) उदोन, म्हणजे जाड शेवया, प्रसिद्ध असली तरी तिच्या रश्शात वाळवलेले छोटे मासे असतात. वरून मांस काढून टाकलं म्हणजे शाकाहारी झालं असं होत नाही. मियानोउराच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, भरलेले भाताचे त्रिकोण मिळतात. पिशवीत चटणी-पोळीचा डबा किंवा मेतकूट असेल तर चार दिवस निभावतात.

गुरुवार : जमिनीखालचं संग्रहालय

चिचूची सकाळची पहिली, दहाची वेळ घ्यावी. भाड्याची वीजसायकल असेल तर मियानोउराहून पश्चिमेच्या रस्त्याने थेट चिचूच्या तिकीटघरापर्यंत जाता येतं. दक्षिण किनाऱ्यावरच्या त्सुत्सुजी-सो या बसथांब्याच्या बाजूने आलात तर फाटकाशीच सायकल सोडावी लागते, कारण बेनेसेच्या आवारात सायकल चालत नाही. तिथून फुकट बस किंवा पायी. ही बाब न समजल्यामुळे पुष्कळ जण भलत्या टोकाला सायकल लावून बसतात आणि दुपारी दोन किलोमीटर चढ तुडवत परत जातात.

तिकीटघरापासून इमारतीपर्यंत रस्त्याकडेला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या बागेच्या धर्तीवर तळं आणि झाडं लावली आहेत. नोव्हेंबरात कमळं नसतात, पानं मात्र पाण्यावर तपकिरी पडलेली असतात. त्यांचा रंग लक्षात ठेवावा.

संग्रहालय टेकडीच्या पोटात आहे. ‘चिचू’ म्हणजेच भूमिगत. समुद्राकडचा देखावा बिघडू नये म्हणून आंदोने इमारत पुरली आणि वर फक्त त्रिकोणी-चौकोनी तोंडं ठेवली. आत तीनच कलावंत. क्लोद मोनेची पाच ‘वॉटर लिलीज’ चित्रं एका पांढऱ्या खोलीत आहेत. बूट काढून सपाता घालायच्या. जमीन कारारा संगमरवराच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या सुमारे सात लाख घनांची, कडा गोल केलेल्या. विजेचा दिवा एकही नाही. प्रकाश छतावरून गाळून उतरतो. त्यामुळे ढग आला की चित्र बदलतं, आणि हे वर्णन नव्हे, मोजण्याजोगी गोष्ट आहे. सावली आली की निळे आणि जांभळे वर येतात, पिवळे मागे जातात. ऊन आलं की चित्राच्या खालच्या भागातला रंगाचा जाड थर दिसू लागतो. अर्धवट ढगाळ दिवस इथे सगळ्यात चांगला. निरभ्र दिवस पडला तर सकाळी एकदा आणि निघताना परत एकदा, अशा दोन फेऱ्या माराव्यात. नोव्हेंबरात संग्रहालय पाचला बंद होतं आणि चारनंतर खोली झपाट्याने मंदावते. बाहेरच्या तळ्यातलं तपकिरी पान आत कुठल्या चित्रात आहे, ते शोधावं.

वॉल्टर दे मारियाच्या खोलीत पायऱ्यांच्या मधोमध २.२ मीटर व्यासाचा काळ्या ग्रॅनाइटचा गोल आणि भिंतींवर सोनेरी मुलामा दिलेले २७ लाकडी आकार. गोलात वरच्या झरोक्याचं प्रतिबिंब पडतं आणि पायऱ्या चढताना ते सरकतं, अगदी तुम्ही जाल तिकडे वळणाऱ्या डोळ्यासारखं. इथे एका पायरीवर पाच मिनिटं उभं राहून काही होत नाही. खालून वर, एका कडेने दुसऱ्या कडेला, असं फिरावं लागतं. खोलीत कुजबुजही घुमते.

टरेलच्या ‘ओपन फील्ड’मध्ये काळ्या पायऱ्या चढून सपाट वाटणाऱ्या निळ्या पडद्याच्या आत पाऊल टाकायचं असतं. तो पडदा नसतोच, पलीकडे खोली असते. आत गेल्यावर कर्मचारी सांगेल तिथेच थांबावं, पुढे जमीन संपते आणि डोळ्यांना ती कड दिसत नाही. मागे वळून पाहायचं विसरू नये: निळ्यात बराच वेळ राहिल्यामुळे आलेली वाट नारिंगी दिसते. ‘ओपन स्काय’मध्ये छताला चौकोनी भोक आणि खाली दगडी बाकं. पाऊस पडला तर तो आतही पडतो.

चिचूहून उतरत दहा-पंधरा मिनिटांवर ली उफान संग्रहालय. कोरियात १९३६ मध्ये जन्मलेला, जपानात राहून काम करणारा हा कलावंत दगड आणि लोखंडी पत्रा समोरासमोर ठेवतो. बाहेर १८.५ मीटर उंचीचा काँक्रीटचा खांब आहे. चिचूनंतर लगेच आत गेलं तर हे सगळं फार कमी वाटतं. त्यामुळे आधी उतारावरच्या गवतात बसून डबा खावा, समुद्र पाहावा, मग जावं.

बेनेसे हाउस रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून ते शेवटी. ब्रूस नॉमनची १९८४ची निऑन कलाकृती, ‘जगा आणि मरा’ या धर्तीच्या शंभर जोड्या एकेक करून पेटतात. सगळ्या एकदम पेटेपर्यंत थांबावं. बाहेरच्या भिंतीवर सुगिमोतोची समुद्राची छायाचित्रं उघड्यावर टांगलेली आहेत. प्रत्येकात क्षितिज मधोमध, आणि मागे खरा समुद्र. ऊन-वाऱ्याने ती झिजावीत हीच कल्पना आहे. त्यांच्यासमोर उभं राहून खरं क्षितिज आणि छापील क्षितिज एका ओळीत येईपर्यंत गुडघे वाकवणारे विद्यार्थी दर आठवड्याला दिसत असतील.

शुक्रवार : थेंब

मियानोउराहून तेशिमाच्या इएउरा बंदरापर्यंत लहान, वेगवान प्रवासी बोट वीसेक मिनिटांत जाते. आरक्षण नाही, जागा मोजक्या, फेऱ्या मोजक्याच, आणि काही वारी ती सुटतच नाही. अर्धा तास आधी रांगेत उभं राहावं. भरली तर उनोला परत जाऊन तिथून इएउराची बोट पकडायची, म्हणजे अर्धी सकाळ गेली. संग्रहालयाची वेळ दुपारी बाराच्या आधीची घेऊ नये ती याचसाठी.

इएउराला उतरलं की वीजसायकल. साधी घेऊ नये: मधल्या डोंगराची उंची सुमारे ३४० मीटर आहे आणि रस्ता त्याच्या खांद्यावरून जातो. चढावर मदत पूर्ण ठेवली तर परतीला बॅटरी संपते, तेव्हा सपाटीवर ती बंदच ठेवावी. बेटावर सोयीचं चोवीस तासांचं दुकान नाही आणि खानावळी आठवड्यातले काहीच दिवस उघडतात. डबा, पाणी आणि रोख पैसे नाओशिमाहूनच आणायचे. पूर्वेच्या कारातो गावाकडे उतरताना रस्ता थेट समुद्रात शिरतो असं वाटणारा एक वळणाचा उतार लागतो. फोटोसाठी तिथे मधेच ब्रेक दाबणाऱ्यांना मागून येणाऱ्या बसचा विसर पडतो.

तेशिमा संग्रहालय त्या उताराच्या कडेलाच आहे, भातखाचरांच्या मध्ये. ओसाड पडलेली ही खाचरं संग्रहालयाच्या काळातच गावकऱ्यांबरोबर पुन्हा लागवडीखाली आणली गेली. नोव्हेंबरात कापणी झालेली असते. वरून पाहिलं तर पांढरं कवच थेंबासारखं पसरलेलं: लांबी सुमारे ६० मीटर, रुंदी ४०, आणि उंची सर्वात जास्त तिथे साडेचार मीटरच्या आत. आत एकही खांब नाही, काँक्रीटची जाडी २५ सेंटिमीटर. वास्तुकार र्‍यूए निशिझावा, कलावंत रेइ नाइतो.

हे कसं बांधलं ते माहीत असलं की आत शिरल्यावर छताकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. नेहमीच्या फळ्यांचा साचा इथे चालला नसता, कारण सांधे उमटले असते. म्हणून आधी मातीचा ढीग रचला, त्याला हव्या त्या आकारात चोपून वर गुळगुळीत थर दिला, त्यावर सळ्या बांधल्या आणि काँक्रीट ओतलं. ते पक्कं झाल्यावर भोकांतून आतली माती उपसून काढली. म्हणजे हे घर आधी टेकडी होतं. इतकं सपाट कवच खाली का येत नाही? कारण कडेला सगळीकडे ते पायाशी बांधलेलं आहे, कमान बाहेर रेटते आणि पाया तो रेटा धरून ठेवतो.

तिकीटघरातून थेट आत सोडत नाहीत. आधी झाडांतून टेकडीला वळसा, मध्ये समुद्र दिसणारा एक थांबा, मग दार. बूट काढायचे, सपाता घालायच्या, फोन खिशात ठेवायचा. मोजे जाड असावेत. जमीन थंड असते.

आत पहिल्यांदा काहीच दिसत नाही. दोन मोठी लंबगोल तोंडं, त्यांतून आकाश आणि झाडांचे शेंडे, आणि रिकामी पांढरट जमीन. मग पायाशी काहीतरी हलतं. जमिनीत सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत. त्यांतून भूजलाचा थेंब वर येतो. जमिनीला पाणी न धरणारा लेप दिला आहे, त्यामुळे थेंब पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. जमीन डोळ्याला सपाट दिसली तरी तिला सूक्ष्म उतार आहेत. लहान थेंब उतारावरही थांबून राहतो, कारण त्याची कड जमिनीला चिकटलेली असते आणि वजन पुरत नाही. मागून दुसरा थेंब येऊन त्याला मिळतो. आता वजन पुरतं. दोघांचा एक होऊन लांबट शेपूट काढत सापासारखा धावतो, वाटेत तिसऱ्याला गिळतो, मध्येच अडकतो, दोन तुकडे होतात, आणि शेवटी खोलगट जागी साचलेल्या डबक्यात जातो. डबकं भरतं, त्यात आकाशाचा तुकडा हलतो, काही वेळाने ते कुठेतरी निघून जातं.

एकाच थेंबाचा माग काढावा, भोकापासून डबक्यापर्यंत. उकिडवं बसूनच दिसतं. किती वेळा थांबला, किती थेंब मिळाले, किती वेळ लागला, हे लिहून ठेवावं. तोंडातून एक बारीक दोरा लोंबत असतो. वाऱ्याचा पत्ता पाण्याआधी त्याला लागतो. जमिनीवर लहान पांढऱ्या गोल वस्तू आहेत, त्यांवर पाय पडणं हा इथला नेहमीचा अपघात. दुसरा अपघात खोकल्याचा: कवचाखाली खोकला दोनदा ऐकू येतो. साठ मिनिटांपेक्षा कमी वेळ ठेवला तर थेंबच पाहून होतात, आणि त्यांच्यावर पडणारा उजेडाचा लंबगोल केवढा सरकला हे राहून जातं.

तिथून खाली कारातोच्या किनाऱ्यावर क्रिस्तियाँ बोल्तान्स्कीचं हृदयांचं संग्रहालय आहे. जगभरच्या माणसांच्या हृदयाचे ठोके साठवलेले, अंधाऱ्या लांब खोलीत त्या ठोक्यांवर एक दिवा उघडमीट करतो. पैसे भरून स्वतःचे ठोके नोंदवता येतात. सायकलवरून आल्याआल्या नोंदवू नका, दहा मिनिटं बाहेर वाळूत बसा. बोल्तान्स्की २०२१ मध्ये गेला. त्याचे ठोके तिथे आहेत.

बहुतेक प्रवासी इथून बंदरावर परततात. आम्ही म्हणू, तेशिमाचं पश्चिम टोक पाहिल्याशिवाय शुक्रवारची नोंद अर्धी राहील. ‘तेशिमा’ या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ समृद्ध असा आहे. झरे, भात, मासळी सगळं होतं म्हणून. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एका व्यावसायिकाने या टोकावर मोडीतल्या गाड्यांचा भुगा, टाकाऊ तेल, गाळ आणून टाकला आणि उघड्यावर जाळला. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातला तोवर डोंगर झाला होता. बेटावरच्या शेकडो रहिवाशांनी १९९३ मध्ये लवादाकडे दाद मागितली, वर्षानुवर्षं चकरा मारल्या, आणि जून २००० मध्ये तडजोड होऊन प्रांताच्या राज्यपालांनी माफी मागितली. कचरा आणि बाधित माती मिळून सुमारे ९ लाख टन. ते सगळं २००३ पासून बोटीने हलवायला घेतलं, आणि २०१७ पर्यंत ते चाललं. कुठे नेलं? नाओशिमाला. तिथे उत्तरेला १९१७ पासून तांब्याची भट्टी आहे, तिच्याशेजारी जाळून, वितळवून टाकण्याची सोय उभारली.

त्या टोकावर रहिवाशांनी जपलेलं लहानसं स्मृतिदालन आहे. आधी संपर्क करून वेळ घ्यावी लागते. आत कचऱ्याच्या थराचा खरा काप भिंतीसारखा ठेवलेला आहे. तारा, रबर, चिंध्या त्यात ओळखू येतात. दुपारच्या पांढऱ्या कवचाशेजारच्या पानावर त्याचं रेखाटन करावं. दोन्ही वेळी माणसांनी त्याच मातीवर ढीग रचला होता.

सायकल परत करायची वेळ पाचच्या आसपासची असते. अंधारात चढ नको.

शनिवार : अठ्ठ्याऐंशी

सकाळी त्सुत्सुजी-सोला उतरून पिवळा भोपळा. कुसामाचा हा भोपळा १९९४ पासून जुन्या धक्क्याच्या टोकावर होता. वादळ येणार म्हटलं की उचलून आत नेत. ऑगस्ट २०२१ मध्ये लाटांनी तो ओढून नेला आणि तुकडे केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये बसवलेल्याचं कवच जास्त जाड आहे आणि पटकन उचलता यावा म्हणून हूक मोठा. नऊच्या आधी गेलं तर धक्का रिकामा मिळतो. त्यानंतर फोटोची रांग.

तिथून चढत ली उफानच्या बाजूला व्हॅली गॅलरी. दरीच्या बेचक्यात आंदोची २०२२ची लहान इमारत, आत-बाहेर आणि तळ्यात कुसामाचे शेकडो चकचकीत पोलादी गोळे. वारा आला की तळ्यातले एकमेकांवर आपटून टणटणतात. लोक त्यांत स्वतःचे फोटो काढतात आणि बरेचसे तिथूनच परत फिरतात.

तळ्याच्या काठावर, गवतात, थोड्या उंचीवर काळपट बुद्धमूर्ती ओळीने बसल्या आहेत. त्सुयोशी ओझावाची ही कलाकृती २००६ची. शिकोकूच्या ८८ देवळांच्या यात्रेची छोटी नक्कल म्हणून नाओशिमावर जुन्या काळी ८८ बुद्धमूर्ती ठेवलेल्या होत्या, त्यांचा हा संदर्भ. पण मूर्ती घडवल्या आहेत त्या तेशिमाचा कचरा नाओशिमाच्या भट्टीत वितळवल्यावर उरलेल्या स्लॅगच्या. बाराशे अंशांच्या वर वितळून थंड झालेलं काळं, काचेसारखं द्रव्य. जवळून पाहिलं की काही मूर्तींचे चेहरे दिसतात, काहींचा फक्त आकार. शेवाळ चढायला लागलं आहे. कोणाच्याही यादीत ही कलाकृती पहिल्या पाचांत नसते. काल पश्चिम टोकावर गेलेल्याला मात्र इथे पाटी वाचावी लागत नाही.

वेळ उरला तर होनमुराजवळचं नवं संग्रहालय, मे २०२५ अखेरीस उघडलेलं, बेटावरची आंदोची दहावी इमारत. उद्घाटनाच्या मांडणीत आशियातल्या कलावंतांवर भर होता: साई ग्वो-चियांगचे काचेच्या भिंतीवर धडकणारे ९९ लांडगे, आणि आपल्या म्हैसूरचे एन. एस. हर्षा. चौथ्या दिवशी डोळे थकलेले असतात. एकच दालन निवडलं तरी चालेल.

परतीला शिकोकूकडे जाणाऱ्यांनी ताकामात्सूची फेरी घ्यावी, पन्नास मिनिटं. ओकायामाकडे जाणाऱ्यांनी उनोचीच, आणि बसताना आत न जाता उजव्या कठड्याशी उभं राहावं. बोट मियानोउरा सोडून उत्तरेला वळते आणि पाच-सात मिनिटांत पर्यटनाच्या नकाशावर बहुधा रिकामी ठेवलेली बाजू समोर येते: धुराडी, गंजलेले पट्टे, धक्क्याला लागलेलं मालवाहू जहाज, मागे विरळ झाडीचे डोंगर. भट्टी इथलीच. वहीत चार रकाने असतात: वेळ, आकाश, कुठे उभा, काय बदललं. दहा मिनिटं आहेत, मग उनो येतं.